टाच उचलली नव्हती

प्रिय एलादिओ,

तुला मराठी वाचता येत नव्हतं आणि मला स्पॅनिश कधी धड आलं नाही. सहा वर्षं आपण दोघांनी मोडक्या इंग्रजीवर काढली. तरी हे पत्र मी मराठीत लिहितो आहे, कारण महत्त्वाचं काही इंग्रजीत सांगायची वेळ आली की मी गप्प होतो, हे तुला माहीत आहे. मागच्या शनिवारी तेच झालं.

तू गेल्यानंतरच्या नवव्या दिवसाची प्रार्थना संपली होती. चर्चच्या तळघरात सगळे कॉफी घेत उभे होते. नोएलिया माझ्याजवळ आली. तुमच्या घरातले सगळेच मला माझ्या गावाच्या नावाने हाक मारतात, तशीच तिने मारली.

"कोलापूर, टेल मी द ट्रुथ. डिड यू लेट हिम स्कोअर?"

मी म्हणालो, "ही वॉज अ ग्रेट प्लेअर."

"दॅट्स नॉट व्हॉट आय आस्क्ड," ती म्हणाली, आणि कप घेऊन आईकडे निघून गेली.

तुझी मुलगी एकोणीस वर्षांची झाली. मॅचमधला तुझा एकच गोल तिने पाहिला, आणि तो माझ्यावर मारलेला. त्या एका गोलाबद्दल तिच्या मनात शंका आहे. ती तिला तुझ्याकडून मिळाली, आणि तुला माझ्याकडून. म्हणून लिहितो आहे. आधी तुला सांगतो, मग तिला.

आपली ओळख नळामुळे झाली, आठवतं? २००२ साल. मला जर्सी सिटीत येऊन चार महिने झाले होते. बिल्डिंगमधली दुरुस्तीची सगळी कामं तू बघायचास. त्या दिवशी पाना घेऊन माझ्या किचनच्या सिंकखाली शिरलास. बाहेर आलास तेव्हा नळाकडे तुझं लक्षच नव्हतं, तू खिडकीकडे बघत होतास. तिथे माझे ग्लव्हज वाळत घातले होते.

"आर्केरो?" तू विचारलंस. मला कळलं नाही. मग तू हातातल्या पान्यासकट दोन्ही हात वर करून चेंडू अडवल्यासारखं केलंस.

"गोलकीपर. येस," मी म्हणालो.

"कुठला?"

"इंडिया. कोल्हापूर."

"कोलापूर," तू चव घेतल्यासारखं म्हणालास. "क्लबचं नाव वाटतं."

मी सांगितलं की आमच्याकडे प्रत्येक तालमीची फुटबॉल टीम असते. तालीम म्हणजे कुस्ती शिकायची जागा, हे समजावताना माझं इंग्रजी संपलं. तू मान हलवलीस. "पैलवानांच्या गावात फुटबॉल? गुड. तुझे डिफेंडर दांडगे असणार. मग गोलकीपर आळशी होतो." आणि छातीवर बोट ठेवून म्हणालास, "मी नऊ नंबर. सोळा वर्षं."

खरं सांगू? माझा विश्वास बसला नाही. वय चाळिशीच्या पुढे, उजवा गुडघा जिना उतरताना दुमडत नव्हता, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मनात म्हटलं, प्रत्येक माणूस तरुणपणी कोणीतरी असतोच.

मग दर शनिवारी सकाळी आपण मैदानावर भेटायला लागलो. तुझी टीम वेगळी, माझी वेगळी. तू पेंटर, गवंडी, स्वयंपाकी अशा मंडळींच्या टीमचा कोच, आणि मी आमच्या ऑफिसच्या टीमचा गोलकीपर. एकाच लीगमध्ये एकमेकांविरुद्ध खेळणारे दोघे एकत्र सराव करतात म्हणून आमच्या प्रसादला फार राग यायचा. प्रसाद म्हणजे आमचा नागपूरचा कॅप्टन. "काय बे, दुश्मनासोबत प्रॅक्टिस करून राहिला का तू?" तो म्हणायचा. मी हसायचो. माझं उत्तर बहुतेक वेळा हसणं हेच असतं. या सवयीबद्दल पुढे लिहितो.

तुझी कारकीर्द मी त्या शनिवारांमध्ये तुकड्यातुकड्यांनी ऐकली. पराग्वेतलं लाल मातीचं खेडं. वडील सुतार. तू त्यांच्याकडून शिकलास ती एकच गोष्ट, मोजल्याशिवाय हात लावायचा नाही. म्हणून प्रत्येक मॅचच्या आधी तू गोलसमोरची जागा टाचेला बोट लावत, पावलं टाकत मोजायचास. लोक हसायचे. त्यांनी तुझं नावच 'सुतार' ठेवलं. पुढे तेच नाव स्टँडमधून हजारो माणसं ओरडायला लागली. गोलकडे पाठ असली तरी गोल कुठे आहे हे तुझ्या पायांना माहीत असायचं.

खेड्यातून राजधानीच्या दुसऱ्या डिव्हिजनला. तिथून बोलिव्हियात, इतक्या उंचावर की पहिल्या आठवड्यात तुला मैदानावर ओकारी झाली. दुसऱ्या आठवड्यात तुला कळलं की तिथल्या विरळ हवेत चेंडू थांबत नाही, आणि मग तू लांबून मारायला लागलास. पेरूत खाणकामगारांच्या टीमकडून खेळलास. शिफ्ट संपवून काळ्या तोंडांनी लोक मॅचला यायचे आणि जिंकल्यावर तुला खांद्यावर घ्यायचे, तेव्हा तुझा पांढरा शर्ट काळा व्हायचा. ते ऐकून मी म्हणालो, आमच्याकडे गुलाल असतो. तू विचारलंस, "तुला कधी उचललं?" मी म्हणालो, गोलकीपरला कोण उचलतं? तू यावर गंभीरपणे म्हणालास, "ही तुमच्या गावाची चूक आहे."

शेवटी इक्वेडोरमधलं बंदराचं गाव. तिथे तू सर्वांत जास्त गोल मारलेस, तिथेच गुडघा गेला. सोळा वर्षं, चार देश, आणि पुरावा काहीच नाही. कात्रणांचा डबा बसप्रवासात हरवला होता.

"एकूण किती मारलेस?" मी एकदा विचारलं.

"मला काय विचारतोस? गोलकीपरना विचार," तू म्हणालास. "मारणारा विसरतो. ज्याने खाल्ला, तो विसरत नाही."

मला वाटलं, हा प्रश्न टाळतो आहे. पण त्याच उन्हाळ्यात तो व्हॅनवाला आला. ब्रेडची व्हॅन मैदानाच्या कडेला थांबवून एक जाडजूड माणूस कंपाउंडच्या जाळीला नाक लावून तुझ्याकडे बघत होता. मग आत आला आणि तुझ्यासमोर उभा राहिला. "सुतार?" एवढंच म्हणाला. तू त्याच्याकडे न बघता त्याच्या पायांकडे बघितलंस आणि म्हणालास, "डावीकडे पडायचास तू. नेहमी." दोघांनी एकमेकांना मिठी मारली. तो इक्वेडोरमधला जुना गोलकीपर होता. एकाच मॅचमध्ये त्याने तुझे तीन गोल खाल्ले होते. ते तिन्ही गोल त्याने मला हातवारे करून दाखवले, गवतावर स्वतः पडून दाखवले. इंग्रजी जेमतेम, पण एकही तपशील चुकला नाही. कपडे झटकत म्हणाला, "वाइफला अजून सांगतो."

तो गेल्यावर मी विचारलं, "हरलेला माणूस एवढ्या आनंदाने सांगतो?"

"खरा गोलकीपर आहे तो," तू म्हणालास. "ऊन डोळ्यांवर आलं, पाय घसरला, असं जो सांगतो ना, तो गोल चोरतो. एकदा अडवता येतो गोल. नंतर चोरायचा नाही."

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं.

एकच माणूस होता ज्याला हे सगळं पटत नव्हतं. नोएलिया. ती दोन वर्षांची असताना तुम्ही इकडे आलात. तिने तुला किल्ल्यांच्या जुडग्यासहच पाहिलं. शाळेत वडिलांबद्दल चार वाक्यं लिहायची होती, तेव्हा तिच्या आईने, मिर्ताने, तिला सांगितलं, लिही की ते मोठे फुटबॉलपटू होते. तिने लिहिलं, "माय डॅड फिक्सेस सिंक्स." तू तो कागद मला दाखवलास. हसत होतास. पण घडी घालून परत खिशात ठेवताना म्हणालास, "कोलापूर, एक गोल. तिच्यासमोर एकच. मग गुडघा गेला तरी चालेल."

मला तुझ्या मनातलं माहीत होतं, ही गोष्ट पुढे सगळ्या गोंधळाचं मूळ झाली.

त्या हिवाळ्यात तू मला माझा दोष सांगितलास. "समोरचा मारायच्या आधी तुझी एक टाच उचलली जाते. दर वेळी. मी चेंडूकडे बघतच नाही, तुझ्या टाचेकडे बघतो. टाच सांगते तू कुठे जाणार, मी चेंडू उलट बाजूला ठेवतो." मी थक्क झालो. कोल्हापुरात कठीण, खडबडीत मैदानावर खेळून ती सवय लागली होती. जमिनीवर आपटायची भीती, म्हणून आधीच तयारीत राहायचं. इतकी वर्षं मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं ते विरुद्ध टीमच्या कोचने!

बाहेर बर्फ होता, म्हणून बिल्डिंगच्या तळघरात बॉयलरशेजारच्या भिंतीवर तू खडूने गोल आखलास. माझ्या दोन्ही टाचांखाली वर्तमानपत्राच्या पट्ट्या ठेवल्यास आणि त्यांची टोकं नोएलियाच्या हातात दिलीस. तू मारायला निघालास की तिने ओढायचं. टाच खाली असेल तर पट्टी फाटते, वर असेल तर निसटते. ती पायरीवर बसून मांडीवरचं पुस्तक वाचायची आणि मान वर न करता सांगायची, "अप." पुन्हा, "अप." तिला कंटाळा यायचा, मला लाज वाटायची, तू पुन्हा पट्टी ठेवायचास. तीन महिने. मार्चमध्ये एका शनिवारी ती बोललीच नाही. तिच्या दोन्ही हातांत फाटलेले कागद होते. तेव्हा कुठे तिने मान वर केली.

"स्ट्रायकरसुद्धा घाबरतो," तू मला म्हणालास. "तू हलला नाहीस तर तो जास्त घाबरतो. उभा राहा, फक्त उभा राहा."

मग २००४ची ती शेवटची मॅच. तुझी टीम, माझी टीम. आम्हाला बरोबरी पुरेशी होती, बरोबरी झाली की कप आमचा. लीगमध्ये पहिल्यांदाच. प्रसादने कपसाठी ऑफिसातल्या कपाटावरची जागासुद्धा रिकामी करून ठेवली होती. शून्य-शून्य चालू होतं. दहा मिनिटं राहिली असताना तू ट्रॅकसूट काढलास. मिर्ता आणि नोएलिया लाइनवर उभ्या होत्या. प्रसाद ओरडला, "अरे, काका खेळायला येऊन राहिले!" आमची पोरं हसली. मी नाही हसलो. तू आत येऊन आधी पावलं मोजलीस.

पुढचं मी मनात इतक्यांदा बघितलं आहे की डोळे मिटून सांगतो. उजवीकडून चेंडू आला. तुझी गोलकडे पाठ. आमचा डिफेंडर तुझ्या अंगावर रेललेला. तू त्याला पाठीवर घेऊनच वळलास, आणि तो तुझ्या मागे राहिला. माझ्यासमोर तू एकटा. तू माझ्या टाचांकडे बघितलंस. मी ते बघितलं. टाचा खाली होत्या, दोन्ही. तू थांबलास. मी थांबलो. तू डावा पाय पुढे टाकलास, मी तरी हललो नाही. मला माहीत होतं की उजव्या गुडघ्याने तू मारू शकत नाहीस, म्हणजे अजून एक पाऊल टाकशील, आणि त्या पावलावर मी झेप घेणार होतो.

तू पाऊल टाकलंच नाहीस. त्याच दुखऱ्या उजव्या पायाने, पाय मागे न नेता, बुटाच्या टोकाने चेंडूला नुसतं टोचलंस. पाय मागे गेला नाही, म्हणून मला इशारा मिळाला नाही. चेंडू जोरात नव्हता. माझ्या उजव्या बुटाच्या वीतभर बाजूने गेला आणि खांबाला आतून लागून आत गेला. मी उभा होतो तसाच उभा.

दोन वर्षं, शेकडो चेंडू माझ्यावर मारलेस, आणि हा प्रकार एकदाही दाखवला नव्हतास. लपवून ठेवला होतास ना? कोणासाठी? माझी खात्री आहे की त्या दिवसासाठीच.

तू धावत लाइनकडे गेलास. धावत म्हणजे लंगडत. नोएलिया आधी जागची हलली नाही. मग तिने दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि किंचाळली, "पापा!" त्याआधी ती तुला चारचौघांत नेहमी डॅड म्हणायची. तुझ्या पेंटर-गवंड्यांनी तुला उचललं. खांद्यावरून तू मागे वळून माझ्याकडे बघितलंस, आणि तेव्हाच तुझ्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. मी अजून त्याच जागी पुतळ्यासारखा उभा होतो.

मॅच संपली, आमचा कप गेला. तेव्हा तू विचारलंस, "कोलापूर, तू हलला नाहीस. का?"

मी हसलो.

प्रसादने आधी शिव्या घातल्या. "काय बे, खांब होता का तू?" पण आठवड्याभरात आमच्या टीमची कहाणी बदलली. त्या म्हाताऱ्याची पोरगी बघत होती, म्हणून आपल्या गोलकीपरने सोडला. केवढं मोठं मन! गणपतीत, दिवाळीच्या पार्टीत, अनोळखी वहिनी येऊन माझं कौतुक करायच्या. आणि मी हसायचो. माझ्या गप्प बसण्याला सगळ्यांनी नम्रपणा म्हटलं. तो नम्रपणा नव्हता, एलादिओ. गुडघा गेलेल्या, त्रेचाळीस वर्षांच्या माणसाने मला उभ्या जागी हरवलं, यापेक्षा मी मोठ्या मनाने सोडला, हे ऐकायला बरं वाटत होतं. मी तुझा गोल चोरला. तोंडाने एक शब्द न बोलता चोरला.

एकाच माणसाला खरं कळलं होतं, माझ्या वडिलांना. मॅचनंतरच्या फोनवर मी त्यांना सगळं सांगितलं होतं. आयुष्यभर तालमीच्या मॅच बघितलेला माणूस.

"टाच हालली का तुजी?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाबा."

"मग तुजी चूक न्हाई. त्यो गडीच भारी हाय. त्येला माजा नमस्कार सांग."

तो नमस्कारसुद्धा मी तुला सांगितला नाही. सांगितला असता तर सगळंच सांगावं लागलं असतं.

तू किती वेळा विचारलंस? बॉयलर दुरुस्त करताना. माझ्या लग्नानंतर जेवायला आलास तेव्हा. आणि गेल्या डिसेंबरमध्ये, नाताळच्या जेवणात. शेजारी बसलास आणि हळू आवाजात म्हणालास, "आता म्हातारा झालो. रागावणार नाही. सोडलास का?" मी तुझ्या ताटात अजून थोडं वाढलं. तूसुद्धा कसा? सोळा वर्षं गोलकीपरांच्या टाचा वाचल्यास आणि माझ्या टाचा खाली होत्या, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघूनही मला विचारत राहिलास? तुझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचास की. पण राग तुझ्यावर नाही. दोन महिन्यांनी तू कामावर जिना चढताना गेलास. आता ताटात वाढून विषय बदलायची सोय राहिली नाही.

तर ऐक. मी सोडला नाही. मला तो कप हवा होता, फार हवा होता. नोएलिया लाइनवर उभी आहे हे मला दिसत होतं, आणि तरीही मी तो अडवायला उभा होतो. मी हललो नाही, कारण न हलायला तूच शिकवलं होतंस. माझ्या आयुष्यात मी त्यापेक्षा चांगला कधी उभा राहिलो नाही. आणि तू त्या सर्वांत चांगल्या गोलकीपरला हरवलंस, दुखऱ्या पायाने, बुटाच्या टोकाने. स्वतः तयार केलेलं कुलूप स्वतःच उघडलंस. पुरावा हवा होता ना तुझ्या कारकिर्दीचा? मी आहे पुरावा. तुझा शेवटचा गोल मी खाल्ला.

पुढच्या रविवारी सीझनची पहिली मॅच आहे. तुझ्यासाठी आधी एक मिनिट शांतता पाळायची ठरली आहे. शांत राहणं मला चांगलंच जमतं, म्हणून त्यानंतर मी बोलणार आहे. इंग्रजीत, प्रसादसमोर, दोन्ही टीमसमोर. तो व्हॅनवालाही येतो म्हणाला आहे. तो जसा गवतावर पडून दाखवतो, तसा मी उभा राहून दाखवीन.

आणि मॅचच्या आधी नोएलियाला मी गोलमध्ये बोलावीन. वर्तमानपत्र घरून घेऊन जाणार आहे. दोन पट्ट्या टाचांखाली ठेवीन, टोकं तिच्या हातात देईन, तू कुठून आलास, कुठे थांबलास ते पावलं मोजून सांगेन, आणि म्हणेन, "आता ओढ."

कागद फाटेल, एलादिओ. शब्द देतो.

तुझा गोलकीपर,
सुनील कोलापूर